मोठ्या तोंडाचं इंजिन

तुमच्या तेराव्याची गंधमुक्ती झाली, अमळनेरचे पाहुणे दुपारच्या गाडीने परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मनहरभाई तुमचं इंजिन मागायला आले. कामरेजच्या मैदानावर इंजिनाची छोटी विमानं उडवणारी तुमची जी मंडळी आहे, तिने ठरवलं होतं की येत्या रविवारी मास्टरांचं विमान एकदा उडवायचं, मग त्यातलं इंजिन काढून काचेच्या पेटीत ठेवायचं आणि ती पेटी मनहरभाईंच्या दुकानात लावायची. "भाभी, मास्टरनी याद रहेशे," ते म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, रविवारी मीही येते, पेटीचं नंतर बघू.

लूमच्या कारखान्याला इथे सुरतेत सगळे खातं म्हणतात आणि बिघडलेला लूम चालू करणाऱ्याला मास्टर. ते नाव तुम्हाला असं चिकटलं की खरं नाव फक्त रेशनकार्डावर राहिलं. या दिवसांत जो घरी आला तो मास्टरांचं कौतुक करून गेला. मास्टरांनी कधी कोणाला दुखावलं नाही म्हणे. कधी आवाज चढवला नाही म्हणे. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते आणि मला राग येत होता. आवाज चढवला नाही? तुम्ही घरात चहा मागितला की नवागामच्या अख्ख्या गल्लीला कळायचं की मास्टरांकडे आता चहा होणार. माणूस गेला की सगळे त्याच्या हो ला हो करायला लागतात. आपला संसार भांडणात गेला आणि तो वाईट गेला असं मी कोणाला म्हणू देणार नाही. म्हणून मी ठरवलं आहे की मी तरी तुम्हाला उगीच हो म्हणायचं नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झाली आहे आणि आता गॅस संपल्याची बातमी सांगावी तशी ती माझ्या तोंडून निघते. मला तुमच्याशी इंजिनाबद्दल बोलायचं आहे.

हे खूळ आपल्या घरात माझ्या वरणाच्या पातेल्यातून शिरलं. मनहरभाईंचं लूमच्या सुट्या भागांचं दुकान, तुमचं तिथे रोजचं जाणं-येणं. त्यांच्याकडे विमानाचं एक जाम झालेलं इंजिन पडून होतं, मुठीत मावेल एवढं. त्यात पेट्रोल नसतं, मिथेनॉल आणि एरंडेल असतं, आणि एरंडेल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचा डिंक होतो. ते तुम्ही घरी आणलंत, गाडीच्या कूलंटमध्ये बुडवलंत आणि मंद आचेवर उकळायला ठेवलंत. मी बाहेरच्या खोलीत साड्यांना खडे चिकटवत बसले होते. वास आला म्हणून उठून बघितलं तर पातेल्यात हिरवं पाणी.

"हाई काय शिजी ऱ्हायनं?" मी विचारलं.

"इंजिन," तुम्ही म्हणालात. जसं काही भात.

पातेलं घासून देतो म्हणालात. मी ते तुमच्या डोळ्यांसमोर कचऱ्याच्या गाडीत टाकलं. पण संध्याकाळी त्या इंजिनाचा पंखा बोटाने फिरला तेव्हा मलाच हाक मारून दाखवलंत. तुमच्या तोंडावर तेवढा आनंद मी आपल्या लग्नातही पाहिला नव्हता. हे मी तेव्हाही बोलले होते आणि तुम्ही म्हणाला होता की लग्नात उकडत होतं.

मग रविवार सगळे कामरेजला जायला लागले. तारांचं विमान तुम्हाला जमलं. मधोमध माणूस उभा राहतो, हातात मूठ, मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक पोलादी तारा, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. मूठ वर-खाली वळवली की विमानाचं नाक वर-खाली. या उद्योगाला दुसरा माणूस लागतो, इंजिन चालू असताना विमान मागून धरून बसायला. पहिल्या दिवशी कोणी नव्हतं म्हणून मी बसले आणि मग ते माझंच काम झालं. एरंडेलाचे शिंतोडे उडायचे. एक जुनी साडी मी त्याच कामाला लावली होती आणि ती कितीही धुतली तरी जुलाबाच्या औषधाचा वास मारायची.

इंजिनाच्या तोंडाशी, जिथून ते हवा आत घेतं तिथे, एक सुई असते. ती सोडली की तेल जास्त जातं आणि आवाज ओला, घरघरीत होतो. आवळली की तेल कमी, आवाज उंच आणि कोरडा. आणखी आवळली तर इंजिन तापून बंद पडतं. या दोहोंच्या मधे एक जागा असते, आणि ती कानानेच सापडते. बाकीचे सगळे सुई फिरवताना इंजिनावर वाकून, डोकं तिरकं करून ऐकायचे. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात.

ही युक्ती खात्यातली. लूम चालू असताना तिथे कोणाचं कोणाला ऐकू येत नाही आणि हात कामात गुंतलेले, म्हणून खात्यातली माणसं भुवयांनी आणि ओठांनी बोलतात. लग्नानंतर मी काही दिवस खात्यावर बॉबिन भरायला येत होते तेव्हा तुम्हीच मला ते शिकवलं होतं. माझे दोन्ही हात विमानाला, त्यामुळे मैदानावरही तेच कामाला आलं. भुवया वर म्हणजे सोडा. डोळे बारीक म्हणजे आवळा. डोळे मिटले म्हणजे जमलं, हात काढा. मग तुम्ही उठून मधे जायचात, मूठ उचलायचात, मान हलवायचात, आणि मी विमान सोडायची.

मंडळी चिडवायची. "मास्टर इंजन को नहीं, भाभी को ट्यून करता है." तुम्हीही सगळ्यांबरोबर हसायचात, कारण सगळे हसताहेत एवढं तुम्हाला दिसायचं. ते काय म्हणाले हे ऐकू गेलेलं नसायचं.

तुमचे कान खात्यातच राहिले. बारीक आवाज आधी गेले. दाराची बेल गेली, कुकरची शिट्टी गेली, फोनवरचा आपल्या लेकीचा, ज्योतीचा आवाज गेला. जाड आवाज उरले होते. गल्लीत ट्रक शिरला की कळायचं, गणपतीचा ढोल कळायचा. बाकी तुम्ही ओठांवरून ओळखायचात, आणि ते इतकं चांगलं ओळखायचात की पुष्कळांना पत्ता नव्हता. मैदानावर मी तो लागू दिला नाही. तुम्ही कधी माझ्याकडे बघून "तुला कळलंय ना" असं म्हणाला नाहीत आणि मीही म्हटलं नाही. आपलं काम चाललं होतं. आणि एक गोष्ट सांगायची राहिली. बाकीच्या संसारात तुम्ही माझ्या तोंडाकडे कधी एवढा वेळ बघत बसला नव्हता. मला ते आवडायचं. एरंडेलाच्या वाफेत, घाम पुसायलाही हात मोकळा नाही, आणि समोर तुम्ही, माझी भुवई कधी हलते म्हणून टक लावून बसलेले. ते सगळं फार छान होतं.

मोठं भांडण सुरू झालं ते कापडावरून. मैदानावर धूळ फार. ती इंजिनाच्या तोंडातून आत गेली तर आतल्या नळीला चरे पडतात, म्हणून तुम्ही तोंडावर कापडाचा तुकडा बांधायचं ठरवलंत. दुसरा कोणी असता तर घरातला जुना रुमाल फाडला असता. पण खात्यातल्या माणसाला कापड म्हटलं की एकच आठवतं, लूमवरून उतरलेलं ग्रे कापड, मिलचं पाणी न लागलेलं. तुम्ही त्याचा तुकडा आणलात आणि रबराने बांधलात. आता ताण्याच्या धाग्याला विणण्याआधी खळ लावतात, हे सुरतेत शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मिलमध्ये कापड धुतलं की ती खळ निघून जाते. ग्रे कापडात ती तशीच असते. इंजिन चालताना तोंडातून थोडं मिथेनॉल बाहेर थुंकतं, त्यात ती खळ विरघळली आणि कापडाची भोकं बुजली. इंजिन घरघरलं, गुदमरलं, बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद.

"तोंड धाकलं पडस," तुम्ही म्हणालात. "दमच लेता येत नही त्याले."

मी कापड सोडवलं तर बोटं एकमेकांना चिकटली. माझा दिवस खडे चिकटवण्यात जातो, चिकट काय असतं ते मला सांगायला नको. "कापडनी खळ इरघळनी शे," मी म्हटलं. "तोंडले काही व्हयेल नही." तुम्ही बोट लावून बघितलंत, वास घेतलात, पँटला पुसलंत. चूक पटली होती, मला दिसलं. पण डोक्यात तोंड बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या लेथवर बसून ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून इंजिनाला नवीन तोंड कोरून आणलंत, आधीच्यापेक्षा रुंद.

तिथून थांबला नाहीत. एक झालं की त्याहून मोठं. एक तर फुटक्या नायलॉनच्या बॉबिनमधून केलं होतं, ते तासाभरात वाकडं झालं. टीव्हीखालच्या फळीवर काढून टाकलेल्या तोंडांची रांग लागली. ज्योती कोसाडहून माहेरी आली की फळी पुसताना म्हणायची, पप्पांनी तोंडांचं दुकान काढलंय. तोंड रुंद केल्यावर विमान सपाट फिरताना जोरात जायचं, ते खरं. पण नाक वर केलं की इंजिन किंचाळून बंद. मनहरभाईंनी मला त्याचं कारण समजावून सांगितलं होतं. तोंड अरुंद असलं की हवा जोरात आत जाते आणि जाता जाता तेल ओढून घेते. रुंद तोंडातून हवा सावकाश जाते, तेल ओढायचा जोर राहत नाही, आणि विमान वर चढायला लागलं की टाकी इंजिनाच्या खाली येते, मग तेल पोचतच नाही. त्यावर तुम्ही सायलेन्सरमधून टाकीत एक नळी नेलीत, म्हणजे धुराच्या दाबाने तेल पुढे ढकललं जाईल. फरक पडला. लगेच तोंड आणखी मोठं केलंत आणि पडलेला फरक घालवलात.

मी भांडत होते. मी म्हणायची, त्याला पहिलं तोंड परत बसवा, ते चांगलं वर चढायचं. तुम्ही म्हणायचात, "तुले काय समजस? इंजिन कमजोर शे. आवाजच नही." शेवटी एकदा जेवताना मी समोर बसून, ओठ दिसतील असं बोलले. इंजिन कमजोर नाही, तुम्हाला त्याचा आवाज येत नाही म्हणून ते कमजोर वाटतं. "तुमना कान एकदाव दखाडा डाक्टरले." तुम्ही पानातली भाकरी मोडलीत. मग म्हणालात, "मास्टर कानवर चालस." एवढंच. ताट सरकवलंत आणि हात धुवायला गेलात.

त्यात मला सगळं समजलं. लूमचा बिघाड मास्टर आधी कानाने पकडतो, मग हाताने. कानाला मशीन लावून खात्यात गेला तर शेठ पहिल्या दिवशी काही बोलणार नाही, आठवड्याने दुसरा मास्टर बघेल. तुम्ही लूमवर हात ठेवून, थरथर ओळखून काम निभावत होता आणि ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. तरी मी सोडलं नाही. ज्योतीकडून कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. त्या सकाळी मी आंघोळीला गेल्याचं बघून तुम्ही विमान उचललंत आणि कामरेजला पळालात, तेही रविवार नसताना. मैदानावर तुमच्याशिवाय एक म्हैस होती, असं तुम्हीच नंतर मनहरभाईंना सांगितलंत म्हणे. मी चिडले होते. आता तुम्हाला ते विमान काखेत मारून रिक्षा थांबवताना डोळ्यांसमोर आणते तर हसू येतं.

माझं किती बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं, हे मला आता कधी कळणार नाही. मला राग आला की मी तुमच्या पाठीला बोलायची. मनातलं सगळं बोलून मोकळी व्हायची आणि तुम्ही शांतपणे पेपर वाचत असायचात. सोय होती ती. पण चांगलंही पुष्कळदा पाठीलाच बोलले. ज्योतीच्या लग्नात तुम्ही टोपी घालून मांडवाच्या तोंडाशी उभे होता, तेव्हा मी मागून म्हटलं होतं, आज फार छान दिसताय. तुमचं लक्ष पंगतीकडे होतं. समोर येऊन म्हणायला मला लाज वाटली. आता लिहिताना वाटत नाही. छान दिसत होता.

तर परवाचा रविवार. मनहरभाई गाडी घेऊन आले, मी आणि ज्योती त्यांच्याबरोबर गेलो. मैदानावर सगळी मंडळी आधीच आलेली, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. विमानाला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. तो मी काढला, कारण पंख्यात अडकला असता. मी नेहमीची साडी नेसून गेले होते. नेहमीसारखी विमानामागे उकिडवी बसले आणि दोन्ही हातांनी धरलं. तुमच्या जागी मनहरभाई बसले. तोंड तुम्ही केलेलं शेवटचंच होतं, सगळ्यांत मोठं. पंखा फिरवला आणि इंजिन एका झटक्यात चालू झालं.

मनहरभाई सुई आवळायला लागले. आवाज कोरडा व्हायला लागला आणि माझ्या भुवया वर गेल्या. त्यांनी बघितलंच नाही. ते इंजिनावर वाकून, डोकं तिरकं करून ऐकत होते. त्यांना कान आहेत, त्यांना माझ्या भुवयांचं काय काम. मला ओरडून सांगावं लागलं, "और खोलो." त्यांनी सोडली. आवाज जागेवर आला. मी डोळे मिटले, सवयीने, आणि मनहरभाई हात काढून उठले.

समोर कोणी उरलं नाही. इतके दिवस मी ते इंजिन सुईपुरतं ऐकत आले होते, वरचा बारीक सूर कोरडा की ओला, एवढंच, कारण समोर तुम्ही वाट बघत असायचात. परवा वाट बघणारं कोणी नव्हतं म्हणून मी नुसती ऐकत बसले. त्या बारीक सुराच्या खाली आणखी एक आवाज होता. जाड, खोल, तोंडातून हवा आत ओढली जाताना येणारा. माझ्या तळहातांना तो विमानाच्या लाकडातून लागत होता. पलीकडे दुसऱ्या कोणीतरी आपलं विमान तयार ठेवायला चालू केलं होतं, कारखान्यातून आलेल्या लहान तोंडाचं. त्याला हा आवाज नव्हता. ते नुसतं वरच्या पट्टीत किंचाळत होतं, आणि त्या पट्टीतलं तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

तेव्हा मला कळलं की तुम्ही काय करत होता. तुम्हाला जोर नको होता. पहिलं तोंड होतं तोपर्यंत तुमच्यासाठी ते इंजिन मुकं होतं, फक्त पंखा फिरताना दिसायचा. तोंड जरा रुंद केलंत आणि खालचा आवाज थोडासा आला असेल. मग आणखी रुंद. वर चढताना बंद पडतंय, विमान आपटतंय, बायको डोकं खातेय, मंडळी गालात हसतेय, तरी तुम्ही ते कोरत राहिलात, तुम्हाला तुमचं इंजिन ऐकू येईपर्यंत. शेवटचं तोंड बसवून आलात त्या दिवशी तुम्ही मैदानावर मूठ हातात घेऊन नुसते उभे राहिला होता, आणि मी विमान धरून वैतागले होते की आता मान का हलवत नाहीत. तुम्ही ऐकत होता.

एवढं एक वाक्य तुम्हाला बोलता आलं नाही, की मला माझं इंजिन ऐकायचंय. बोलला असता तर मी भांडले नसते असं नाही. पण मग दुसरं काहीतरी भांडले असते.

मनहरभाईंनी मूठ उचलली आणि मी विमान सोडलं. सपाट फेऱ्या फार सुंदर झाल्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, ज्योती मोबाइलवर घेत होती. मग मनहरभाईंनी नाक वर केलं. इंजिन किंचाळलं आणि गप्प झालं, मला ठाऊक होतं त्याच ठिकाणी. विमान हवेवर तरंगत खाली आलं, एक चाक मोडलं. सगळे धावले. कोणी म्हणालं वारा आडवा होता. कोणी म्हणालं मिथेनॉल जुनं असेल. कोणी म्हणालं मास्टरांशिवाय ते दुसऱ्याच्या हातात उडणारच नाही. मी म्हटलं, "तोंड मोठं आहे."

मनहरभाई माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "आजे एवुं ना बोलाय, भाभी." आज असं बोलू नये म्हणे. महिन्याभरापूर्वी हेच मनहरभाई याच मैदानावर तुमच्याशी याच तोंडावरून हमरीतुमरीवर आले होते. मला रडू आलं. त्यांना वाटलं, विमान पडलं म्हणून. तुमच्याशी भांडणारं आता कोणी उरलं नाही म्हणून मी रडत होते, आणि तुमची फार आठवण येत होती म्हणून. रोज येते. सकाळी चहा झाला की मी अजून मोठ्याने हाक मारते.

पेटी नको, असं मी मनहरभाईंना सांगितलं आणि इंजिन घरी आणलं. आता ते ओट्यावर, पेपर पसरून ठेवलंय. ज्योती म्हणते, "मम्मी, पप्पानुं छेल्लुं काम छे, रहेवा दे ने." तिचं खरं आहे, तुमच्या हातचं हे शेवटचं काम आहे. तिच्या शब्दाला मान देऊन मी कालचा दिवस त्याला हात लावला नाही. भांडी त्याच्या बाजूने घासली. पुसायला गेले तर त्या तोंडात माझं बोट सहज जातं, आतून इतकं गुळगुळीत केलंय तुम्ही. किती वेळ बसला असाल त्याला पॉलिश करत.

पण ते तोंड तुमच्या कानांच्या मापाचं आहे. आता ऐकणारी मी आहे आणि मला ऐकू येतं. हे विमान वर चढून, पूर्ण गिरकी घेऊन परत खाली आलेलं मला बघायचं आहे, आणि या तोंडाने ते होणार नाही, हे तुम्हालाही माहीत होतं. म्हणून उद्या मी ते काढून फळीवरच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे ठेवणार आहे आणि तुमच्या लेथवाल्याकडून अरुंद तोंड करून घेणार आहे. मनहरभाई मूठ धरायला शिकवतो म्हणालेत. चक्कर येईल म्हणे पहिल्यांदा. बघू.

तुमच्या वस्तूला तुम्हाला न विचारता मी कधी हात लावला नाही, ते एक पातेलं सोडलं तर, आणि ते माझंच होतं. म्हणून हे तुम्हाला सांगून करते आहे, समोर बसून, सावकाश. ऐकू गेलं नाही तर माझा इलाज नाही. पण मी सांगितलं नव्हतं, असं मात्र म्हणू नका.